नाक दाबायचं, पण कुणाचं?

२०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या टीमस्टर्स या कामगार संघटनेने एकाच आठवड्यात दोन्ही टोकं पाहिली. ट्रकचालक आणि मालवाहतूक कामगारांची ही शंभर वर्षांहून जुनी, दांडगी संघटना. २५ तारखेला तिने यूपीएस या पार्सल कंपनीकडून पाच वर्षांचा करार पदरात पाडून घेतला. प्रत्यक्ष संप करावाच लागला नाही. महिना संपताच गाड्या थांबतील, एवढी धमकी पुरली. सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांना पगारवाढ मिळाली, अर्धवेळवाल्यांना तासाला किमान २१ डॉलर ठरले, नव्या गाड्यांत एसी बसवायचं कंपनीने कबूल केलं. त्यानंतर पाचच दिवसांनी, ३० तारखेला, येलो नावाची जुनी ट्रक कंपनी बंद पडली. ३० हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या, त्यातले सुमारे २२ हजार याच टीमस्टर्सचे सभासद. तिथेही संघटनेने संपाचा इशारा दिला होता. माल अडकेल या भीतीने गिऱ्हाइकांनी तो दुसरीकडे वळवला आणि आधीच कर्जात बुडालेली कंपनी पार आडवी झाली.

संघटना तीच, पुढारी तेच, हत्यारही तेच. मग एकीकडे दिवाळी आणि दुसरीकडे दिवाळं का?

हा प्रश्न आपल्या इंदुरात विचारण्यासारखा आहे, कारण इथे युनियनचा विषय निघाला की घराघरांत दोन ठरलेली उत्तरं तयार असतात. एक पक्ष म्हणतो, पोरांनी एकी करावी, सगळं मिळेल. आमच्या आजोबांनी मालवा मिलला एकी करूनच मिळवलं. दुसरा म्हणतो, युनियनबाजीनेच गिरण्या बुडाल्या, आता ॲपवरून माल पोचवणाऱ्या या स्कूटरवाल्यांनाही तीच बुद्धी नको. होमी दाजी १९६२ साली गिरणी कामगारांच्या जोरावर अपक्ष म्हणून इंदूरमधून लोकसभेत गेले, ते शहर हे. परदेशीपुऱ्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना मिलचा भोंगा आठवतो आणि गेटसभाही आठवतात. त्यामुळे आपण प्रत्येक कामगाराकडे गिरणी कामगार म्हणूनच बघतो. माझ्या मते दोन्ही पक्षांचं चुकतं ते इथे. नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरं, पण दाबायला नाक हाताशी यावं लागतं आणि ज्याचं तोंड उघडणार त्याच्याकडे द्यायला काहीतरी असावं लागतं. एकी ही त्यानंतरची गोष्ट.

यूपीएसमध्ये या गोष्टी एका ठिकाणी आल्या होत्या. गाड्या कंपनीच्या, चालक कंपनीच्या पगारावर, माल वेगळा करणारी केंद्रंही तिचीच. चालकाला आपला रूट पाठ असतो; त्याच्या जागी उद्यापासून नवा माणूस बसवता येत नाही, आणि एवढी पार्सलं पोटात घेण्याची ताकद बाकीच्या कंपन्यांकडे नाही. १९९७ साली १५ दिवसांचा संप झाला तेव्हा कंपनीने हे अनुभवलं होतं. त्यातून कोविडच्या काळात घरबसल्या खरेदी वाढली आणि कंपनीने अमाप नफा कमावला होता. येलोमध्ये एकच मालक आणि सहज न बदलता येणारे चालक या दोन गोष्टी होत्या, द्यायला पैसा ही तिसरी नव्हती. तिजोरीच रिकामी. ती कंपनी संघटनेमुळे बुडाली असं मी म्हणणार नाही, कर्ज तिचं स्वतःचं होतं. पण रिकाम्या तिजोरीवर घातलेला घाव शेवटी कामगाराच्याच पायावर पडला.

फेडेक्स या दुसऱ्या पार्सल कंपनीचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. त्याच रस्त्यावर, त्याच प्रकारची पार्सलं, तेच काम. पण तिच्या वैमानिकांची संघटना आहे आणि गाडीवाल्यांची नाही. गाडीवाले भित्रे आहेत म्हणून नव्हे. फेडेक्सचा हवाई एक्सप्रेस व्यवसाय अमेरिकेच्या १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्याखाली येतो. त्या कायद्यात एका गावातल्या केंद्रापुरती युनियन बनत नाही. देशभरातल्या सगळ्या चालकांचं मिळून एकदम मतदान जिंकावं लागतं. वैमानिक संख्येने थोडे, एकमेकांना ओळखणारे, आणि त्यांची जागा महिनोन्‌महिने भरता येत नाही. त्यांना ते जमलं. गाडीवाले देशभर पांगलेले. आणि जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलांसाठी कंपनीने कामच छोट्या ठेकेदारांना देऊन टाकलेलं, म्हणजे चालक फेडेक्सचा शर्ट घालतो आणि पगार तिसऱ्याकडून घेतो. ॲमेझॉनने हीच पद्धत पुढे नेली. २०२३ च्याच वसंतात कॅलिफोर्नियातल्या पामडेलमध्ये अशा एका ठेकेदाराच्या चालकांनी युनियन केली, ठेकेदाराने तिला मान्यताही दिली. ॲमेझॉनने त्या ठेकेदाराचा करारच संपवला. ज्याच्याशी बोलणी झाली त्याच्या हातात काही नव्हतं, आणि ज्याच्या हातात सगळं होतं तो म्हणाला, ही माझी माणसंच नव्हेत.

आता देवास नाक्याकडे या. पहाटे मोठी गाडी गोदामाला लागते. हमाल पार्सलं उतरवतात, पोरं हातातल्या यंत्राने स्कॅन करतात, मग पिनकोडप्रमाणे ढीग, ढिगातून थैल्या, आणि सकाळी ठरल्या वेळी छोट्या गाड्या शहरात सुटल्या पाहिजेत. नाही सुटल्या तर त्या दिवसाचा माल त्या दिवशी पोचत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेत दुप्पट माल येऊन पडतो. इथे पंधरा-वीस माणसं एक सकाळ आली नाहीत तर अर्ध्या शहराची पार्सलं अडकतात. म्हणजे नाक आहे, आणि चांगलं लांबलचक आहे. पण हमाल एका ठेकेदाराचे, गाड्या दुसऱ्याच्या, स्कॅनवाले मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्याचे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. मजुरी वाढवण्यासाठी मूळ मालकाने समोर येऊन बसावं, असं मात्र ती तरतूद सांगत नाही. पामडेलचं जे झालं ते देवास नाक्यावर व्हायला काहीच अडचण नाही.

ॲपवर काम करणाऱ्या पोरांची गोष्ट नेमकी उलटी. माझा भाचा विजयनगरच्या एका डार्क स्टोअरवरून, म्हणजे फक्त ॲपच्या ऑर्डरींसाठीच्या गोदामातून, किराणा पोचवतो. कंपनी एकच, नाव पाठीवर छापलेलं. मालक कोण हा प्रश्न पडूच नये. पण एक दिवस सकाळी त्याने लॉगिन केलं तर रेट कार्ड बदललेलं. आदल्या रात्रीपर्यंत जेवढ्या ऑर्डरींवर इन्सेंटिव मिळायचा, तेवढ्यावर आता मिळेना. मी म्हटलं, अरे, कुणाशी तरी बोल. तो म्हणाला, "मामा, बोलू कुणाशी? टीएलला, म्हणजे टीम लीडरला, फोन केला तर तो म्हणतो, मेरे हाथ में कुछ नहीं है भैया, ऊपर से आया है. आणि त्याचं तरी काय, उद्या त्याचीही बदली." स्टोअरबाहेर आठ-दहा पोरं मोबाइल हातात घेऊन हेच बोलत उभी होती. तेवढ्यात एकाच्या मोबाइलवर ऑर्डर वाजली, तो गेला. मग दुसऱ्याची वाजली. बैठक मोडली.

त्या पोरांना कुणी धमकावलं नाही, कुणी फोडलं नाही. ऑर्डर वाजली आणि काम संपलं, कारण मी घेतली नाही तर शेजारचा घेणार हे प्रत्येकाला माहीत आहे. एखादं स्टोअर बंद पाडलं तर ऑर्डर जवळच्या दुसऱ्या स्टोअरकडे जाते. भंवरकुआ परिसरात कोचिंगसाठी आलेली, खर्चाला चार पैसे हवे असलेली हजारो पोरं आहेत. बाइक आणि लायसन्स असलं की कागदपत्रं टाकून ती एक-दोन दिवसांत रस्त्यावर येतात. संध्याकाळच्या आत भरून निघणारी जागा कितीही वेळा रिकामी केली तरी कंपनीचा श्वास कोंडत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली-गुरुग्रामला हे दिसलं. ब्लिंकिट या किराणा पोचवणाऱ्या ॲपने दर ऑर्डरमागचे किमान २५ रुपये १५ वर आणले, अंतराचा हिशेब वेगळा लावला, आणि रायडरांनी काम बंद केलं. कित्येक स्टोअर काही दिवस खरोखर बंद राहिली. म्हणजे एकी नव्हती असं नाही. पण नवा दर राहिला तो राहिलाच. २०२५ च्या ३१ डिसेंबरला रायडरांच्या संघटनांची देशभर बंदची हाक होती, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र निवडलेली. त्या रात्रीसाठी कंपन्यांनी जादा पैसे लावले आणि दुसऱ्या दिवशी झोमॅटोच्या संस्थापकांनी ७५ लाखांच्या आसपास ऑर्डरींचा विक्रम झाल्याचं जाहीर केलं. बंद फसला म्हणून वर्तमानपत्रांनी विषय मिटवला. पण त्यानंतरच्या दोन आठवड्यांत केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांना बोलावलं आणि दहा मिनिटांत पोचवण्याची जाहिरात मागे घ्यायला लावली. रायडरांच्या संघटनांच्या मुख्य मागण्यांपैकी ती एक होती. नाक दाबून जे मिळालं नाही ते सरकारच्या दारात आरडाओरडा करून थोडंफार मिळालं. या फरकाकडे आपल्याकडच्या युनियनप्रेमींचं आणि युनियनद्वेष्ट्यांचं, दोघांचंही लक्ष गेलं नाही.

पांगलेल्या माणसांना संघटना करून कधीच काही मिळत नाही, असाही याचा अर्थ नाही. ग्रामीण डाकसेवक बघा. लाखो माणसं, प्रत्येक जण आपापल्या गावात एकटा, दिवसाचं काम चार-पाच तासांचं, आणि कागदोपत्री खात्याचे नियमित कर्मचारीही नाहीत. २०१८ च्या मे महिन्यात ते संपावर गेले, पंधरा दिवसांहून जास्त टिकले, आणि ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांचं मानधन वाढवलं. तिथे दुसऱ्या कुणाला गावात टपाल वाटायला पाठवणं शक्य नव्हतं. समोर एकच मालक होता आणि तो "ही माझी माणसं नव्हेत" म्हणू शकत नव्हता. त्यांच्या मानधनाबद्दलचा कमलेशचंद्र समितीचा अहवाल आधीच त्याच्या टेबलावर पडून होता.

मला वाटतं गिरणीची आठवण आपल्याला इथेच चकवते. गिरणीला गेट होतं. ते गेट बंद केलं की सूत आत आणि कापडही आत. शिवाय कायद्याने ठरलेली मान्यताप्राप्त युनियन होती. मध्य प्रदेशाचा १९६० चा औद्योगिक संबंध कायदा मुंबईच्या १९४६ च्या कायद्याच्या वळणावर गेलेला. त्यामुळे मालकाला कुणाशी बोलायचं ते ठाऊक होतं. आणि तरीही मुंबईत १९८२ साली दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या घरात माणसं उभी राहिली आणि हरली. इंजिनिअरिंग कंपन्यांमध्ये याच सामंतांनी घसघशीत पगारवाढी मिळवल्या होत्या. पण कापडगिरणीच्या मालकाला गेट बंद राहिलेलं तोवर परवडू लागलं होतं; यंत्रमागावर कापड स्वस्तात निघत होतं आणि खालच्या जमिनीला भाव येत होता. एकी अफाट होती, पण मालकाने श्वास दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती.

गिरणीने मात्र एक गोष्ट दिली, जिची किंमत आपल्याला उशिरा कळली. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. थकबाकीसाठी कामगार तीस वर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिले, आणि २०२३ च्या २५ डिसेंबरला २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला, सुमारे ४,८०० कामगारांसाठी. कित्येकांच्या विधवांनी ते पैसे घेतले, ही लाजेची गोष्ट आहे. पण पैसे देता आले, कारण हजेरीपट होता. कोण किती वर्षं कोणत्या खात्यात होता, हे कागदावर होतं. माझ्या भाच्याचं उद्या आयडी ब्लॉक झालं तर त्याने कंपनीत एक दिवस तरी काम केलं हे दाखवायला त्याच्याकडे काही मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटपलीकडे उरणार नाही. कंपनीकडे त्याच्या प्रत्येक मिनिटाची नोंद आहे, पण ती कंपनीची.

म्हणून ॲपवाल्या पोरांनी संघटना करू नये असं मी म्हणत नाही. करावीच. पण दरासाठी स्टोअर बंद पाडणं हे तिचं पहिलं काम ठेवलं तर चार दिवसांत दहा पोरांचे आयडी जातील आणि उरलेले निमूट परततील. तिचं पहिलं काम भोपाळला आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी, असं आहे. पण रायडर हा "पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा", असंही तीच संहिता म्हणते. परिणाम असा की पगाराची वाटाघाटी, ५१ टक्क्यांची मान्यताप्राप्त युनियन, हे जे औद्योगिक संबंधांच्या दुसऱ्या संहितेत आहे त्याचं दार त्याला उघडत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या ॲपच्या रायडरांना असंच बाहेर ठेवलं. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवायची मुभा आहे म्हणजे तुम्ही नोकर नव्हेत, असा निकाल. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये वेगळी वाट काढली. कर्नाटकात मंडळ आहे, नोंदणी आहे, प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क आहे, आणि कामावरून काढायचं तर कारण देऊन १४ दिवस आधी सांगावं लागतं.

हे कायदे बघताना आपल्या मराठी माणसाला ओळखीचं काहीतरी दिसायला हवं. १९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा याच घराण्यातला. तेव्हाही प्रश्न हाच होता: हमाल दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उचलतो, मग त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून उत्तर निघालं की मालक शोधत बसू नका. व्यापाऱ्यानेही मंडळात नोंदणी करायची, हमालानेही. मजुरीवर ठरलेला वाढीव आकार व्यापाऱ्याने भरायचा, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मंडळातून. त्या मंडळांच्या आडून कारखान्यांकडून वसुली करणाऱ्या टोळ्या पुढे निपजल्या आणि त्याबद्दल उद्योजक ओरडतात ते खोटं नाही. पण त्यांच्यामुळे मूळ रचना वाईट ठरत नाही. तिचा खरा गुण असा की ती एका कंपनीला धरत नाही, अख्ख्या धंद्याला धरते.

आणि हे यूपीएसच्या जिंकलेल्या कामगारांनाही हवं होतं, असं आता दिसतंय. २०२५ च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केलं की ॲमेझॉनचा माल निम्म्याहून कमी करणार. एप्रिलमध्ये २० हजार नोकऱ्या कमी करायचं ठरलं. त्या मालाचा मोठा भाग ॲमेझॉनच्या ठेकेदारांकडे, पामडेलसारख्या चालकांकडे जातो. एका दारात मजुरी वाढली आणि शेजारच्या दारात ती स्वस्तच राहिली, तर काम शेजारी जातं. करारात राहिलेल्यांना चांगला पगार मिळतो, पण करारात राहणारे कमी होत जातात. टीमस्टर्स आता ॲमेझॉनच्या मागे लागली आहे ती उगाच नाही.

इंदूरपुरतं बोलायचं तर मी उलट्या टोकाने सुरुवात करीन. देवास नाक्यावरचे हमाल आणि स्कॅनवाले यांच्याकडे ताकद आहे, त्यांनी ठेकेदाराशी भांडत बसण्याऐवजी सगळ्या ठेकेदारांच्या माणसांची मिळून एक संघटना करावी, म्हणजे ठेका कुणाकडेही गेला तरी माणसं आणि दर तेच राहतील. त्यांच्या जोरावर मंडळाची मागणी लावून धरावी, आणि त्या मंडळात ॲपवाल्या पोरांनाही घ्यावं. ही मागणी रायडरांनी एकट्याने केली तर मंत्रालयात निवेदन स्वीकारून फोटो काढतील आणि पाठवून देतील. गोदामं मागे उभी असतील तर ऐकतील. मध्य प्रदेशाच्या कायद्यात मग दोन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात: आयडी ब्लॉक करायच्या आधी लेखी कारण आणि म्हणणं मांडायची मुदत, आणि प्रत्येक रायडरला त्याच्या कामाच्या तासांची, ऑर्डरींची, मिळालेल्या पैशांची नोंद दर महिन्याला मंडळाकडून. दर ऑर्डरमागे किती रुपये, हा वाद त्यानंतर घातला तरी चालेल. तेव्हा निदान दोन्ही बाजूंकडे आकडे सारखे असतील.